तापल्या इंजिनाचं माप

गॅरेजात मोटारसायकल बंद केली न केली, तोच मेकॅनिकने टॅपेटचं झाकण उघडायला पाना लावला. गाडी आमच्या ह्यांची, ते गेल्यापासून माझी. टॅपेट म्हणजे इंजिनाचा वाल्व्ह दाबून उघडणारा भाग; त्या दोघांमध्ये केसभर फट लागते, आणि ती इंजिन गार असतानाच मोजायची असते.

"गार होऊ दे," मी म्हटलं.

"आजी, तुम्ही पंख्याखाली बसा. गाडीचं आम्ही बघतो."

माझं डोकंच फिरलं. तुझ्या जन्माआधीपासून ही गाडी चालवतेय मी, आणि मला पंखा दाखवतोस?

अशीच घाई मी लग्नाच्या पहिल्या वर्षी केली होती. हे म्हणाले, "अगं, थांब जरा." थांबेल ती मी कसली? बोटं भाजून घेत फट बसवली आणि ऐटीत ह्यांनाच चहा करायला लावला. सकाळी किक पोकळ गेली. इंजिन गार होताच फट मिटली होती, वाल्व्ह उघडाच राहिला होता. मी शहाणीने दोष गाडीला दिला आणि अबोला नवऱ्याशी धरला.

तापलेला धातू खोटं माप देतो. माणसाचंही तेच. माझ्या जावेचं माप मी एका मांडवात अशीच तापलेली असताना घेतलं, ते आजवर बदललेलं नाही.

मेकॅनिकच्या हातातला पाना काढून घेतला, पर्समध्ये टाकला आणि पंख्याखाली बसले. तासाभराने मेकॅनिकने इंजिनाला हात लावून पाहिला.

"झालं गार, आजी. द्या आता."

इंजिन झालं होतं, मी नव्हते. म्हटलं, "आधी चहा सांग."