बारदान्याची सूट

वहाबभाईंना कुणी कबड्डीपटू म्हटलं असतं, तर तेच पोट धरून हसले असते. जन्मात त्यांनी एकच चढाई केली, तीही अंगणात शिरलेल्या मोकाट सांडावर. तरी डोणगावात कबड्डीचा विषय निघाला की पहिलं नाव त्यांचं निघतं आणि आम्ही मैदानात घाम गाळणारे सातही जण मागे राहतो. पूर्वी मला याचा राग यायचा.

वहाबभाई मापारी होते, कापूस मोजणारे. बीटी कपाशीची ती सुरुवातीची वर्षं. बियाणं महाग, फवारणी म्हणावी तशी सुटली नव्हती, आणि इतकं करून बाजारात आलं की व्यापारी ओलाव्याच्या नावाखाली क्विंटलमागे दोन-तीन किलो कापायचे. वहाबभाई वजा करायचे तो फक्त बारदाना, म्हणजे कापूस बांधून आणलेलं कापड. व्यापाऱ्याने डोळा मारला की हे दुसरीकडे बघत. या खोडीपायी दोन दुकानांनी त्यांना बोलावणं बंद केलं होतं. सरळ माणसाचं आपल्याकडे कौतुक फार होतं, काम मात्र वाकड्याला मिळतं.

२००५च्या दिवाळीत आमच्या गावी चार तालुक्यांचे कबड्डीचे सामने भरले. बाद पद्धत, हरला तो घरी. आमचा गट मधला, साठ किलोपर्यंतचा. डोणगाव आजवर उपांत्य फेरीच्या पुढे गेलं नव्हतं. या वेळी थेट अंतिम सामन्यात गेलं ते मतीनच्या जिवावर. मतीन म्हणजे वहाबभाईंचा मुलगा. चढाईला गेला की एखादा गडी मारल्याशिवाय परतायचा नाही.

पण त्या वर्षी दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली. ईदमुळे सामन्यांना एक दिवस सुट्टी मिळाली आणि तिथेच आम्ही माती खाल्ली. नव्हे, शिरखुर्मा खाल्ला. चार दिवस आमच्या घरच्या करंज्या-अनारसे झाले होतेच. ईदला मतीनच्या आईने, नूरबीचाचींनी, अख्ख्या संघाला जेवायला बसवलं. "खा रे पोट्टेहो, उद्या ताकद लागन." मतीन घरचाच, त्याच्या वाट्या कोण मोजतो?

नियम असा होता की अंतिम सामन्याच्या सकाळी पुन्हा वजन. गावात काटा एकच, बाजारातला कापसाचा, आणि त्यावर मापारी वहाबभाई. आम्ही सहा जण कसेबसे निभावलो. मतीन चड्डी-बनियनवर काट्यावर चढला. आकडा फक्त वहाबभाईंना दिसत होता. ते ठणठणीत आवाजात म्हणाले, "साठ किलो सातशे!"

माझं डोकंच फिरलं. "भाई, साठ म्हणाले असते तं काय बिघडलं असतं?"

"काटा बिघडला असता, बे."

पंचांनी तासाभराची मुदत दिली. दोन स्वेटर आणि वर रजई लपेटून मतीन कापसाच्या आवारात धावत सुटला. हिरोसारखे वाढवलेले केस न्हाव्याने भादरले, तेव्हा तो खरोखर रडला. पुन्हा चढला. साठ किलो दीडशे. मुदत संपली होती.

तेवढ्यात मेहकरच्या संघाचे पुंजाजी पुढे आले. समोरच्या संघाचे कर्तेधर्ते आणि स्वतः कापूसवाले. म्हणाले, "मापारी, कापसाचा बारदाना वजा करता, मंग पोराचा काऊन नाही?"

मला वाटलं, टिंगल करून राहिलेत. वहाबभाईंनी मात्र विचार केला. पंचांनी मान डोलावली, तसे वहाबभाई म्हणाले, "हाव, बरोबर हाये. पण अंदाजानं नाही. बारदाना काढूनच मोजू."

चौघांनी कापसाची चादर काट्याभोवती आडवी धरली.

"अब्बा, सारं गाव पाहून राह्यलं!"

"गाव चादर पाहून राह्यलं. चढ."

वहाबभाई स्वतः बाहेर उभे राहिले आणि आकडा वाचायला पुंजाजींना आत पाठवलं. आतून आरोळी आली, "साठ! पुरे साठ!" आवारात शिट्ट्यांचा पाऊस पडला. गच्चीवरून नूरबीचाची ओरडल्या, "आता तरी त्याले कपडे द्या!"

संध्याकाळी शेवटच्या मिनिटापर्यंत मेहकर दोन गुणांनी पुढे. शेवटची चढाई मतीनची. त्या भादरलेल्या डोक्याने तीन गडी मारले आणि आम्ही एका गुणाने जिंकलो! मी इतका नाचलो की पाय मुरगळला. आयुष्यात तेवढा आनंद मला लग्नातही झाला नाही, हे बायकोलाही ठाऊक आहे.

तिसऱ्या दिवशी मी लंगडत बाजारात गेलो, तर पुंजाजींचा ट्रॅक्टर कापूस भरून उभा. मागे मेहकरकडचेच आणखी चार. वहाबभाई चक्रावले. "पुंजाजी, मेहकरचा बाजार तुमच्या दारात. भाव तं इथंही तोच हाये. इतक्या दूर काऊन आले?"

पुंजाजी खाली उतरले. "जो आपल्या पोराले उघडं करून मोजते, तो माह्या कापसात काय खोट करन?"

वहाबभाईंनी पाठ फिरवून रुमालाने डोळे पुसले. मग माझ्यावर खेकसले, "पाहून काय राह्यला बे? गाठोडं उचल."

मी मुरगळलेल्या पायानेच उचललं.