काचा पुसणारी चिमटी

कारखान्यात तिला सगळे चिमटी म्हणत. मोबाइलच्या काचेवरचा, डोळ्याला सहज न दिसणारा कण ती बोटाच्या टोकाने ओळखायची, म्हणून. पट्ट्यावरून काच आली की फडक्यावर औषध घ्यायचं, पुसायची, पुढे सारायची. मध्यंतरी औषध बदललं. नवं इतकं झटपट वाळायचं की सुपरवायझरने लगोलग पट्ट्याचा वेग वाढवला. धूळ नको म्हणून खिडक्या बंद. वासाने डोकं जड व्हायचं, पण सगळ्यांचंच होत होतं, मग बोलणार कोण?

आधी बोटांना मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या.

एकदा तिने गॅसवरचं गरम झाकण तसंच उचललं. सासू म्हणाली, "हात आहेत की सांडशी?" सगळे हसले, तीही हसली. नंतर लालभडक बोटं तिने पदराआड लपवली. रस्त्यात चप्पल पायातून निसटली, तर मागच्या बाईने हाक मारेपर्यंत तिला पत्ता नाही.

हे बाहेर कळलं तर नोकरी जाणार. म्हणून ती आता बोटांचं काम डोळ्यांनी करू लागली. पण खरी धास्ती वेगळीच होती. धाकट्या जावेला तिनेच रदबदली करून शेजारच्या खुर्चीवर आणलं होतं. परवा ती म्हणाली, "ताई, माझ्या बोटांना मुंग्या येतात गं. नवी आहे म्हणून का?"

"होईल सवय," चिमटी म्हणाली. त्या रात्री तिला झोप लागली नाही.

मग कारखान्यात सगळ्यांच्या हातांची तपासणी आली. डोळे मिटायचे, नर्सने बोटाला कापूस लावला की 'हो' म्हणायचं. कळलं नाही तर घरी. चिमटीला काहीच कळत नव्हतं. पण नर्सच्या कडक इस्त्रीच्या बाहीची खसफस ऐकू येत होती. खसफस झाली की 'हो'. ती पास झाली.

दारातच जाऊ कुजबुजली, "कसं केलंस? मला सांग ना."

चिमटीच्या ओठांवर बाहीची युक्ती आली होती. ती मागे वळली. "बाई, मी खोटं बोलले. मला काही कळत नाही."

"पास झालीस ना? मग जा की," नर्स म्हणाली. आवाज ऐकून सुपरवायझर आत आला.

"सुई टोचून बघा," चिमटीने बोट पुढे केलं.

नर्सने टोचली. रक्ताचा थेंब वर आला. चिमटी त्याच्याकडे दुसऱ्याच कुणाचा असावा तशी बघत राहिली.

"आता हिचं बघा," ती म्हणाली आणि तिने जावेचं मनगट धरून टेबलावर ठेवलं.

"सोड ताई, माझीही नोकरी जाईल," जाऊ रडकुंडीला आली. "सोड, दुखतंय मला."

चिमटीने सोडलं नाही. आपण किती घट्ट धरलंय, हे तिला कळतच नव्हतं.