बेटम्याला गेलेली चावी

डॉ. शरयू देवधर यांची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, आणि त्यात चूक माझी होती. इंदूरच्या तुकोगंजातल्या आमच्या धर्मादाय रुग्णालयात मी रेकॉर्ड क्लार्क म्हणून नुकताच लागलो होतो. एका म्हातारबाबांचा जुना केसपेपर शोधायचा कंटाळा आला, म्हणून मी "कल आना बाबा" म्हणत त्यांना वाटेला लावलं. मॅडम मागेच उभ्या होत्या. "जोशी, कागद त्यांचे आहेत. तुम्ही नुसते सांभाळता," एवढं म्हणून त्यांनी पदर खोचला आणि स्वतः स्टुलावर चढल्या. कागद सापडला. माझी मान मात्र आठवडाभर वर झाली नाही.

येत्या रविवारी मॅडमना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. गौरवग्रंथाच्या समितीने मला बजावलं आहे, "भिया, मीठा-मीठा लिहा, विवाद टाळा." माफ करा, ते मला जमणार नाही. ज्यांनी आयुष्यभर खरं बोलायला शिकवलं, त्यांच्यावर गुळमुळीत लिहिणं म्हणजे त्यांचा अपमान करणं आहे.

मॅडमची एक पद्धत होती. एखाद्या रुग्णाला एखादं औषध सोसत नसलं, तर त्या औषधाचं नाव एका लाल कार्डावर स्वतःच्या हाताने लिहीत, आणि कार्ड देताना सांगत, "इसको भगवान के पास रखना." नवे डॉक्टर हसायचे. मॅडम म्हणायच्या, "घरातल्या सगळ्या वस्तू हरवतात. देवाजवळची हरवत नाही."

केसपेपर संगणकावर घ्यायचे ठरले तेव्हा मॅडमनी सांवेर रोडवरच्या कारखान्यातले एक इंजिनिअर गाठले आणि एक्स-रेच्या शेजारच्या खोलीत रुग्णालयाचा स्वतःचा सर्व्हर बसवून घेतला. सगळ्या रुग्णांची माहिती आमच्याच छपराखाली. त्याची उस्तवार काही कमी नव्हती. एसी बिघडायचा, उंदीर वायरी कुरतडायचे, आणि दर शनिवारी सगळ्याची नक्कल काढून मॅडमच्या कपाटात ठेवावी लागायची. एकदा तर मी खोलीला कुलूप घालून, चावी खिशात टाकून, मावसभावाच्या लग्नाला बेटम्याला निघून गेलो. इकडे सर्व्हर बंद. मॅडमचा फोन आला तेव्हा मी पंगतीत बसलो होतो. भरल्या ताटावरून उठलो आणि स्कूटर हाणत आलो. मॅडम जे बोलल्या ते या ग्रंथात छापण्यासारखं नाही. पण यंत्र सुरू झाल्यावर त्यांनी पोहे मागवले आणि म्हणाल्या, "बसा. लग्नाचं जेवण बुडालं ना तुमचं." दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसरी चावी करून स्वतःच्या खोलीत टांगली.

पुढे नवं विश्वस्त मंडळ आलं. मंडळाने सगळ्या विभागप्रमुखांना बोलावलेल्या बैठकीत एका कंपनीचे प्रतिनिधी आले आणि म्हणाले, माहिती आमच्या सर्व्हरवर ठेवा, सांभाळू आम्ही, तुम्ही नुसता स्क्रीन बघा. अशी व्यवस्था वाईटच असते असं माझं म्हणणं नाही. ज्या दवाखान्यात यंत्र सांभाळणारं कुणी नाही, त्याला ती सोयीची, हे मॅडमही त्या बैठकीत म्हणाल्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "बंद पडलं तर कोण येणार? आणि उद्या तुम्हाला सोडायचं झालं, तर आमचे कागद वापरता येतील अशा रूपात परत देणार का? तेवढं करारात लिहा." प्रतिनिधी हसले. "मैडम, आप टेंशन मत लो." अध्यक्षसाहेब म्हणाले, "देवधर मॅडम, अब जमाना बदल गया है." करारात एक ओळ वाढली नाही. हात वर करायला सांगितलं. पहिला हात माझा होता. मला त्या चावीचा जाच नको होता, दुसरं काही नाही. तोवर मी रेकॉर्ड विभागाचा प्रमुख झालो होतो, आणि प्रमुखच हो म्हणतोय म्हटल्यावर बाकीचे का नाही म्हणतील? आमचा सर्व्हर, कपाटातल्या नकलांसकट, भंगारात गेला. रुग्णालय आता कागदमुक्त झालं, असं म्हणून लाल कार्डंही बंद केली.

मग एक सोमवार उजाडला. कारखान्यात हात चिरडलेल्या एका कामगाराला आणलं. ताप, ग्लानी. त्याची बायको एवढंच सांगत होती, "एक सुई से इनकी बहुत तबीयत बिगड़ी थी, नाम नहीं मालूम." सगळे स्क्रीन कोरे. कंपनीला फोन लावला तर ध्वनिमुद्रित बाई सांगत होत्या की सुधारणेचं काम सुरू आहे, आपली तक्रार नोंदवली गेली आहे. मी तक्रारीचा क्रमांक लिहून घेत बसलो. अजून आठवलं की स्वतःचीच लाज वाटते. मॅडम ओपीडी सोडून आल्या आणि कामगाराच्या बायकोला त्यांनी एकच विचारलं, "लाल कार्ड मिला था कभी?" ती हो म्हणताच तिच्या शेजारणीला फोन लावला. शेजारणीने देवघरातून हळदीकुंकवाचे डाग पडलेलं कार्ड काढून त्याचा फोटो पाठवला. पेनिसिलिन. जे इंजेक्शन भरून ठेवलं होतं तेच. मॅडमनी ते फेकून दुसरं द्यायला लावलं. तो माणूस आज कामावर जातो.

त्यानंतर मॅडमनी सगळ्या नोंदींची नक्कल मागितली. कंपनी म्हणाली, पानांची चित्रं देऊ. नावाने शोधता न येणारी, कुणाचं कुठलं ते न कळणारी चित्रं. आमच्या रुग्णांचं सगळं दुखणंखुपणं त्यांच्याकडे अडकलं आहे, आणि मंडळ गप्प आहे. चावी बेटम्याला गेली होती तेव्हा ती कुठे आहे हे तरी आम्हाला ठाऊक होतं. आता ती कुणाच्या खिशात आहे, हे इंदूरात एकालाही सांगता येत नाही.

आणि हेच मंडळ रविवारी मॅडमना शाल घालणार आहे. त्याच्या आधी, शुक्रवारी, त्याच कंपनीचा करार जसाच्या तसा वाढवायचा विषय बैठकीत आहे. मला याची चीड येते, आणि ती मी लपवणार नाही.

सत्काराला काय भेट द्यावी, असं विचारायला मला मॅडमकडे पाठवलं होतं. त्यांनी चष्मा पुसला. "माझ्या पेशंटांचे कागद परत आणा जोशी. बाकी माझ्याकडे सगळं आहे."

मॅडम, तुम्ही शतायुषी व्हा असं या ग्रंथात सगळेच लिहितील, आणि मनापासून लिहितील. माझं मागणं थोडं जास्त आहे. तुमची तब्येत ठणठणीत राहो, आणि ते कागद परत आलेले तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघा. परत आले की सांभाळायचं काम माझं. शुक्रवारी हात वर करायला सांगतील. मी तो खालीच ठेवणार आहे, आणि तुमचे ते दोन प्रश्न उभा राहून पुन्हा विचारणार आहे.