चारही पर्याय चूक

तुमच्या गावच्या पहिल्या प्रभातफेरीत झेंडा कोणाच्या हातात होता, सांगता येईल? मला येत नव्हतं, तरी उत्तर मी छातीठोकपणे लिहिलं होतं. ते खोडायला लावणाऱ्या नलूताई महिन्यापूर्वी गेल्या. निरोप आला तेव्हा मी त्यांच्याच गेमसाठी प्रश्न लिहीत होते...

निवृत्त शिक्षिका नलूताईंनी आमच्या गावाजवळच्या देवळी या बाजारगावात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मुलांसाठी आपल्या भागाच्या इतिहासाचा ऑनलाइन प्रश्नखेळ उभा केला. कोडिंग त्या निवृत्तीनंतर व्हिडिओ बघून शिकल्या. प्रश्न मी लिहायचे. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली. आमच्या घरी वह्यांना कव्हरंसुद्धा बाबांनी छापलेल्या पत्रकांची असत. प्रश्नही मी तिथूनच काढायचे. नलूताईंचा मात्र नियम होता: प्रश्न आधी आठवडी बाजारात मोठ्यानं वाचायचा, मगच गेममध्ये टाकायचा. आमच्या गावच्या झेंड्याचा प्रश्न त्यांनी भाजी घेता घेता वाचला. पर्याय चार, उत्तर पाटील. आमच्याच गावाहून वांगी विकायला येणाऱ्या पार्बताबाई खो खो हसल्या. "चारही खोटे बाप्पा! झेंडा माह्या मायनं धरलता, कौसाबाईनं. पाटील तं मांगून आलता, फोटू काढाले!"

मी शेजारीच होते, भडकले. "छापून आलंय हे!"

"छापणाऱ्यानं तिच्या मायले इचारलं होतं काय?" नलूताई म्हणाल्या.

मी तणतणत घर गाठलं. बाबांनी स्वतःचं ते जुनं पत्रक काढून पाहिलं. "मी पाटलालेच इचारलं होतं, बेटा."

पुढच्या बाजारी बाबा पार्बताबाईंसमोर उकिडवे बसले आणि कौसाबाईंची सगळी हकिकत त्यांनी वहीत उतरवली. गावातल्या आणखी दोघा म्हाताऱ्यांनी ती खरी ठरवली. त्या आठवड्यात आम्ही रोज वांगी खाल्ली. माझ्या चार पर्यायांत एकही बाई नव्हती. समतेच्या घोषणा देत मोठी झालेली मी, आणि ते मीच लिहिले होते! कौसाबाईंचं नाव घालून प्रश्न बदलला, तर शाळेतली सगळी पोरं पाटलावर बोट ठेवून चुकली. हेडमास्तरांचा तक्रारीचा फोन आला. नलूताई हसत म्हणाल्या, "चुकू द्या ना सर, आमी बी चुकलोच होतो."

उत्तर चुकलं की गेममध्ये नलूताईंचा आवाज येतो, "काऊन घाई करून राह्यली? घरच्या म्हातारीले इचारून येजो." मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. पुन्हा रेकॉर्ड करू म्हटलं, तर म्हणाल्या, "राहू दे. इतिहास घडला तवा बी कुठीतरी वरण शिजतच असन." हल्ली मी मुद्दाम चुकते.

तुम्ही आज एवढं करा. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ बसा. तिच्या आईचं नाव आणि त्या आईनं काय काय केलं, ते विचारा आणि लिहून घ्या. उद्यावर टाकू नका.