हलका माल

माझ्या चुलत सासऱ्यांइतकी सावकाश मोटार चालवणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल, आणि माझं विचाराल तर पुन्हा होऊही नये. खामगावहून रिकामी गाडी घेऊन निघाले की ठीक असत. धुरळा उडवत, कोंबड्या पळवत जात. पण परतताना गाडीत आजारी लेकरू असलं की त्यांचा पाय जणू लाकडाचा होई. कापसाच्या बैलबंड्या आम्हाला मागे टाकून जात. एकदा एका गाडीवानाने मागे वळून विचारलं, "काकाजी, दोर बांधून ओढू काय?" काकाजींनी मान न वळवता उत्तर दिलं, "जाय बे! तुह्या बंडीतला कापूस रडत नाही." त्या गतीने माझी कंबर जी धरली, ती आजतागायत सुटलेली नाही.

त्या वेळी आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मी खामगावात बाळंतिणींच्या दवाखान्यात नर्स होते. दवाखान्याला स्वतःची गाडी नव्हती. अमक्या गावी नुकतं जन्मलेलं लेकरू निळं पडलंय, दूध ओढत नाही, असा निरोप आला की डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत आणि मी काकाजींकडे बघे. घरचा स्वयंपाक अर्धा टाकून निघायचं, लेकराला जिवंत ठेवत आणायचं, दवाखान्यात पोचवायचं आणि मग घरी येऊन उरलेला स्वयंपाक करायचा. मी त्या वर्षांत पोटभर झोपल्याचं मला आठवत नाही. काकाजी मात्र टोपी घालून माझ्याआधी गाडीपाशी हजर असत.

जन्मभर त्यांनी कापसाची दलाली केली. धंदा सोडला, पण धंद्याची खोड काही सुटली नाही. लेकरं उबदार राहावीत म्हणून आम्ही ती कापसात गुंडाळून आणत असू. आता कापसाच्या गावात कापसाला काय तोटा! पण काकाजी स्वतः जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात जात, मूठ मूठ उचलून उजेडाला धरत, धागा ओढून बघत आणि पोतंच्या पोतं नापसंत करत. जिनवाला वैतागे. "काकाजी, विलायतेले पाठवाचा हाय काय हा कापूस?" तेव्हा ते म्हणत, "हे लेकराले गुंडाळाचं हाय, गादीत नाही भराचं. सरकीचा एक तुकडा टोचला तं तुले बोलावीन रात्रभर झुलवाले."

मोटारीचंही तेच. शेकायच्या बाटल्यांना गरम पाणी हवं असलं की रस्त्यात चूल कुठून आणणार? काकाजींनी त्यावर अक्कल लढवली होती. मोटारीच्या पुढच्या भागातलं उकळतं पाणी ते बाटल्यांत काढून देत आणि तिला विहिरीचं गार पाणी पाजत. लेकराचा श्वास ऐकायला मी "थांबवा" म्हटलं की इंजिन बंद करत आणि मग पुढे जाऊन हँडल मारत. वाटेत दहा वेळा थांबवलं तरी चकार शब्द नाही. उलट मोठ्या ऐटीत म्हणत, "सूनबाई, गाडी माही बंब हाय, अन् मी बंबाचा मालक."

पण त्यांची खरी खोड वेगळीच होती. लेकरू गाडीत ठेवलं रे ठेवलं की ते एकवार वाकून बघत आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत, "हलका माल हाय! काही दम नाही याच्यात!" एका गावात लेकराचा बाप बैल हाकायची काठी घेऊन धावून आला होता. त्याला समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. वाटेत मी काकाजींवर चिडले, तर ते गाडी थांबवून माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "वरचा खरीददार आयकून राह्यला हाय. माल चांगला म्हनला की उचलून नेते थो." दलालाचा सारा जन्म माल पाडून बोलण्यात गेलेला. देवाशीही तोच व्यवहार!

वरवट बकालच्या त्या मुलीच्या वेळी मात्र हा व्यवहार अंगाशी आला. थंडीचे दिवस होते. पहिलटकरीण माहेरी आलेली, दिवस भरण्याआधीच मोकळी झालेली. रक्त फार गेल्यामुळे तिला उठवत नव्हतं. पोरगी एवढीशी. ओठ निळसर, तळपाय गार, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात होत्या. मी रबरी नळीने घशातला चिकटा काढला, कापसात गुंडाळलं, दोन्ही बाजूंना बाटल्या ठेवल्या. आईचं दूध थेंब थेंब जिभेवर सोडलं. रंग जरा पालटला. आजी लेकराला मांडीवर घेऊन गाडीत बसली आणि काकाजी नेहमीप्रमाणे गरजले, "लयच हलका माल! याच्यात काही राम नाही!"

आजीने लेकराला आणखी जवळ ओढलं. पूर्णेच्या काठावर मी श्वास ऐकायला गाडी थांबवली, तेव्हा ती म्हणाली, "गाडी फिरवा."

"काऊन वो आजी?"

"हा बाबा जानता मानूस हाय. थो म्हनते राम नाही, तं नसंनच. सुवेरबी न फिटलेलं लेकरू नदीपार कायले नेता? तिच्या मायच्या मांडीवर जाऊ द्या तिले."

नदीवर बोचरा वारा सुटला होता. लेकरू बाहेर काढलं तर मोठ्या कष्टाने आणलेली ऊब जाणार होती. मी जीव तोडून सांगत होते, पण म्हातारी पाय खाली सोडून उतरायला निघालीही होती. "काकाजी, आता तुमीच सांगा," मी म्हटलं.

काकाजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग वर पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "आजी, पोरगी चांगली हाय."

"काय?" म्हातारीला कमी ऐकू यायचं.

"चांगली हाय म्हनतो."

"मोठ्यानं बोला ना वो!"

काकाजींनी डोळे गच्च मिटले आणि नदीच्या पार जाईल असा आवाज काढला, "अव्वल माल हाय! असं लेकरू म्या या मुलखात नाही पाह्यलं!"

आजीने पाय वर घेतले. आम्ही नदी ओलांडली. पुढे खामगावपर्यंत काकाजी एकटेच पुटपुटत होते, "तशी काही खास नाही. हाय आपली बरी." इतकी थकलेली असूनही मला हसू आवरलं नाही.

पोरगी काही दिवस जगली. दूध घेऊ लागली, एकदा तर चांगली खणखणीत रडलीसुद्धा. काकाजी रोज येऊन खिडकीकडे पाठ करून उभे राहत. मग एका पहाटे तिचा श्वास थांबला. डॉक्टरीणबाईंनी आणि मी हरप्रकारे प्रयत्न केले, पण तो परत आला नाही.

"माह्या तोंडानं झालं," काकाजी म्हणाले. तिची छातीच कच्ची होती, गाडी फिरवली असती तर त्या वाऱ्यात ती गावापर्यंतही पोचली नसती, असं मी त्यांना परोपरीने सांगितलं. शेतकरी आपल्या कापसाची तारीफ करताना ते जसं ऐकून घेत, तसं त्यांनी माझं ऐकून घेतलं.

पोरीला गावी न्यायचं होतं. काकाजी उठून जिनात गेले आणि नवा कापूस घेऊन आले. मी म्हटलं, "काकाजी, आता कायले?" ते म्हणाले, "तिची माय हात लावनार हाय." आणि मग ती मोटार, तो रस्ता, ती नदी. जिवंत लेकराला आणावं तशीच त्यांनी तिला परत नेली. आईने पोरीला मांडीवर घेतलं. कापसावरून हात फिरवला. मग दारात उभ्या असलेल्या काकाजींना तिने विचारलं, "बाबाजी, माही पोरगी कशी होती वो?"

"अव्वल होती, माय," काकाजी म्हणाले. कुजबुजले नाहीत, ओरडलेही नाहीत.

पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या गावाहून निरोप आला. मला वाटलं, आता काकाजी येत नाहीत. पण ते टोपी घालून गाडीपाशी उभे होते. लेकरू गाडीत ठेवलं, बाटल्या लावल्या, मी वाट बघत राहिले. ते वाकले नाहीत, बोलले नाहीत. पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या त्या ओरडण्याने माझी किती वेळा लाज गेली होती, पण त्या दिवशी ते ऐकायला माझा जीव तळमळला.

"काकाजी, काई तरी बोला ना," मी म्हटलं.

"तू लेकरू पाह्य," ते म्हणाले. "मी रस्ता पाह्यतो."

मी कापसात दोन बोटं सरकवली आणि छातीवर ठेवली. छाती हलत होती.