कारखान्यातूनच वेग वाढवलेला कॉम्प्युटर

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. घरातला जुना कॉम्प्युटर हळदीच्या नाचालाच अडकून बसायला लागला, तेव्हा स्टेशनजवळच्या दुकानातून नवा डेस्कटॉप घेतला. नावाजलेल्या कंपनीचा. खोक्यावर ‘फॅक्टरी ओव्हरक्लॉक्ड’ असं लिहिलं होतं. म्हणजे काय, असं विचारलं तर दुकानदार म्हणाला, “मॅडम, प्रोसेसर नॉर्मल से तेज़ चलेगा. कंपनी ने ही सेट किया है. वॉरंटी भी पूरी.”

चेण्याला राहणाऱ्या दादाला फोनवर हे सांगितलं. 

“कंपनीनेच? वॉरंटीसकट?”

“हो. का रे?”

“येतोय मी.”

दादाच्या आश्चर्याला कारण होतं. कॉलेजात असताना त्याने आमच्या पहिल्या कॉम्प्युटरचा वेग असाच वाढवला होता. आठवडाभर मशीन सुसाट पळालं आणि एका दुपारी जळका वास आला. आतली सेटिंग बदलली म्हणून कंपनीने हात वर केले. बाबा तेव्हा त्याच्याशी कितीतरी दिवस बोलले नव्हते.

तो आला तो थेट स्क्रूड्रायव्हर घेऊनच. मी त्याला खोलू दिलं नाही. मग त्याने झाकणाच्या काचेला नाक लावून आतला भलामोठा पंखा न्याहाळला आणि कस्टमर केअरला फोन लावला. “मी अजून थोडा वेग वाढवला तर चालेल?”

“नहीं सर, आप मत बढ़ाइए. हमने बढ़ाया है.”

आम्ही दोघंही हसत सुटलो. बाबा आतल्या खोलीतून चष्मा पुसत बाहेर आले. “काय झालं?”

दादाने समजावलं. एकाच घाण्यातून निघालेल्या चिप्सही सारख्या नसतात. काही जास्त वेग पेलतात. कंपनी तपासून तशा निवडते, त्यांना मोठा पंखा देते आणि मग वेग वाढवते.

“आणि तू काय केलं होतंस?” बाबांनी विचारलं.

“मी चिप निवडली नव्हती, बाबा. पंखाही तोच जुना.”

“म्हणजे कल्पना बरोबर होती.”

 दादा कानापर्यंत लाल झाला. इतक्या वर्षांत बाबांनी तो विषय काढला नव्हता.

मग बाबांनाच हुक्की आली. “वाढवलेला आणि साधा, दोन्ही चालवून बघू.” राई गावातल्या एका हळदीचा व्हिडिओ मी दोनदा एक्स्पोर्ट केला, एकदा कंपनीच्या वेगाने, एकदा ती वाढ बंद करून. वेळ दादा मोबाइलवर लावत होता. बाबा कॉम्प्युटरच्या मागच्या जाळीशी हात धरून बसले होते. वाढवलेल्या वेगाने काम लवकर झालं, पण फरक मी समजत होते त्याहून कमी निघाला. साध्या वेगात पंखा मात्र कुजबुजल्यासारखा चालला.

“एवढ्याचसाठी?” मी म्हटलं.

“मग एवढा गरम का झाला?” बाबा म्हणाले. दादाकडे उत्तर तयार होतं, पण एका उत्तरातून त्यांना पुढचा प्रश्न सुचत गेला. आवाज बसवताना मला शांतता लागते, म्हणून मी रोज साधा वेगच ठेवते. घाईचं काम आलं की वाढवते. दादा त्याला कंपनीचा अपमान म्हणतो. बाबा मात्र दर वेळी विचारतात, “आज कुठला चाललाय?”