चौथ्या माळेचा भात

मला वायर ओढायची खोड होती. जोडलेली प्रत्येक वायर चिमटीत धरून हलकेच ओढायची, घट्ट बसली आहे ना बघायचं, चार पावलं जायचं आणि परत येऊन पुन्हा ओढायची. नववीत शाळा सोडून परभणीकडून बंगळूरला आलेल्या माणसाला सगळंच सैल जोडलेलं वाटतं, स्वतःसकट.

मला कामाला ठेवून घेतलेल्या अण्णांचं इलेक्ट्रॉनिक्सचं वर्कशॉप राजाजीनगरात, घराच्याच खालच्या खोलीत होतं. घराणं पिढ्यान् पिढ्या तिथलं, बोलण्यात मराठीइतकंच कन्नड. वर त्यांची मोठी बहीण, अक्का, आणि अक्कांचे यजमान राहायचे. त्यांना सगळे भावोजी म्हणत. अक्का सकाळी स्वयंपाक उरकून खाली येत आणि अण्णांच्या बोर्डांचं सोल्डरिंग करत. दुपारी आम्ही चौघं एकत्र जेवायचो. भावोजी बँकेत अडकले की त्यांच्या वाटचा भात अक्का आमच्या पानांत वाढत. अण्णा हात आडवा धरत. मला तो धरवत नसे. ज्यांनी आसरा दिला त्यांना ‘पुरे’ कसं म्हणायचं?

त्या वर्षी आनेकलच्या रस्त्यावरच्या एका शर्टांच्या कारखान्याचं काम आलं. चौकड्यांचं कापड कापताना रेघेला रेघ जुळावी म्हणून लांबलचक टेबलावर वरून लाल उजेडाच्या बारा रेषा पाडायच्या होत्या. एका रेषेला एक लेझर डायोड. ते बारा डायोड कुणीतरी ओळखीच्यांनी सिंगापूरहून बॅगेत घालून आणलेले, जादा एकही नाही. करंट जरासा जास्त झाला की पापणी लवायच्या आत मरणारी ती जात. अण्णा म्हणाले होते, "हे जमलं तर तू कायमचा." नाही जमलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. ते वाक्य मी रोज रात्री अंथरुणात पुरं करायचो.

तीन-तीन डायोडांच्या चार माळा ठरल्या. त्यांना मोजून करंट देणारं सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, तेवढं निवडायचं होतं. अण्णांनी एकच मोठा बनवलाही होता. त्याला गरजेपेक्षा दुप्पट ॲल्युमिनियम लावलेलं, आणि चारही माळांचा मिळून करंट तो तसूभर हलू देत नसे. नव्या जावयाकडे बघावं तसे अण्णा त्याच्याकडे बघत. दुसरा मार्ग म्हणजे दर माळेला वेगळा छोटा ड्रायव्हर: तीन पायांचा एक आयसी, एक रेझिस्टर, आणि अक्कांना चौपट सोल्डरिंग.

"एक माळ तुटली तर, अण्णा?" मी भीत भीत विचारलं.

"तुटेल कशाला? वायर काय कोण ओढत बसणार आहे?"

लेझरच्या जागी आधी साधे लाल एलईडी लावून चाचणी केली. चारही माळा झकास पेटल्या. आणि माझी चिमूट, सवयीने, चालू सर्किटच्या एका वायरीपाशी गेली. आयुष्यात पहिल्यांदाच एक वायर खरोखर सैल निघाली. ती माळ विझली, आणि बाकीच्या तीन भसकन तरारल्या.

मी वायर हातात धरून तसाच उभा. लेझर असते तर?

"ओढणारा घरातच निघाला की रे," अक्का म्हणाल्या. "पण बाकीच्यांना एवढा जोर कुठून आला?"

अण्णांनी बटण बंद केलं. "कुठून म्हणजे? चौघांचा भात शिजला, एक जेवायला आला नाही. त्याचा वाटा तिघांच्या पानांत. तिघांचं पोट फुटेपर्यंत."

"मग अन्न काय टाकून द्यायचं?"

"अक्का, हा ड्रायव्हर म्हणजे तूच!"

"आणि हा," माझ्याकडे सोल्डरिंगची कांडी रोखून अक्का म्हणाल्या, "असा एक तरी प्राणी त्या कारखान्यात असणारच. तू तुझा जावई उचल. मी चार करते."

अण्णांनी जावयाला फडताळात ठेवलं. तेव्हा त्यांचा चेहरा मुलगी सासरी पाठवल्यासारखा झाला होता. एसपी रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून मी आयसी आणले, अक्कांनी चार बोर्ड जोडले. एलईडींवर सगळं ठीक निघालं. मग खरे डायोड लावले. टेबलावर बारा लाल रेषा उमटल्या, केसासारख्या बारीक.

"आता ओढ," अण्णा म्हणाले.

माझा हात उठेना.

"नको तेव्हा ओढतोस, सांगितलं की लाजतोस," अक्का म्हणाल्या. "ओढ रे, स्वल्प धीर धर."

डोळे मिटून ओढली. उघडले तेव्हा तीन रेषा गेल्या होत्या. बाकीच्या नऊ जिथल्या तिथे, तितक्याच लाल. शेजारी कोण गेलं, कोण राहिलं, त्यांच्या गावीही नव्हतं. अण्णांनी बटण बंद करून वायर जोडली, पुन्हा चालू केलं. बारा.

"कायमचा," अण्णा एवढंच म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

त्या दुपारी भावोजी बँकेतच होते. अक्का भाताचं पातेलं घेऊन माझ्याकडे वळल्या. अण्णा म्हणाले, "थांब! त्याची माळ आता वेगळी झाली."

"सरी, बरं तर," म्हणत अक्कांनी सगळा भात अण्णांच्या पानात उलटायला घेतला.

मी माझं ताट पुढे सरकवलं. "अक्का, मला वाढा." त्या घरात मी मागून घेतलेला तो पहिला भात.